राजपत्र आणि रोजनामा: कायदा सुधारणं वेगळं, न्यायव्यवस्था सुधारणं वेगळं

माझ्या मामाचा गिरगावात छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं अशी कामं. काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने दिलेला चेक परत आला. मामाने सगळं नियमाप्रमाणे केलं. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत वकिलाकरवी नोटीस, पैसे द्यायला १५ दिवसांची मुदत, ती उलटल्यावर महिन्याच्या आत कोर्टात तक्रार. असा खटला शक्यतो सहा महिन्यांत संपवावा, असं कायद्यातच लिहिलं आहे. मामाचे पहिले सात-आठ महिने नुसतं समन्स बजावण्यात गेले. एकदा ‘पत्त्यावर आढळून आले नाहीत’, एकदा अहवालच परत आला नाही, एकदा मॅजिस्ट्रेट रजेवर. एका तारखेला मी त्याच्याबरोबर गेलो होतो. त्या दिवशी बोर्डावर नव्वदच्या वर प्रकरणं होती. दुपारी पुकारा झाला, वकील उभे राहिले, पुढची तारीख पडली, रोजनाम्यात, म्हणजे खटल्यात त्या दिवशी काय झालं याच्या कोर्टाच्या नोंदीत, दोन ओळी लिहिल्या गेल्या. जेमतेम दीड मिनिट. खाली उतरताना जिन्यात मामा म्हणाला, “कायदा माझ्या बाजूने आहे ना रे? मग अडलंय कुठे?”

अडलंय कुठे, हे कळायला दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. पेपरात त्या बहुतेक वेळा ‘न्यायिक सुधारणा’ अशा एकाच नावाने येतात. पहिली म्हणजे कायदा सुधारणा: नियम काय असावा, जमीन कोणाची मानावी, करार मोडला तर काय, चेक वटला नाही तर शिक्षा किती. या कामाचं फळ राजपत्रात छापून येतं. दुसरी म्हणजे न्यायव्यवस्थेची सुधारणा: तो नियम लावणारी माणसं आणि यंत्रणा. न्यायाधीश कोण नेमतो, त्यांना शिकवतो कोण, कोर्टात स्टेनो आहे का, समन्स कोण पोहोचवतो, निकालपत्र कसं लिहायचं, निकाल लागल्यावर पैसे वसूल कोण करून देतो. हे फळ राजपत्रात सापडत नाही, ते रोजनाम्यात दिसतं.

एखादा विकसनशील देश यासाठी बाहेरची मदत घेतो, तेव्हा गोंधळ आणखी वाढतो. करारावर दोन्ही शब्द एका दमात लिहिलेले असतात, पण तज्ज्ञ आणि पैसा बहुधा एकाच बाजूला जास्त जातात.

व्हिएतनामने हा फरक कागदावर तरी स्वच्छ ठेवला. १९८६ साली तिथे ‘दोई मोई’ हे आर्थिक धोरण आलं, बाजार खुला होऊ लागला आणि त्याला लागणारे कायदे हाताशी नाहीत हे लगेच जाणवलं. १९९५ साली दिवाणी संहिता झाली, १९९६ च्या अखेरीस जपानचं सहकार्य सुरू झालं. पुढे २००५ साली तिथल्या सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या पॉलिट ब्यूरोने, म्हणजे सर्वोच्च समितीने, नऊ दिवसांच्या अंतराने दोन वेगळे ठराव केले. २४ मेचा ४८ क्रमांकाचा ठराव कायद्यांची व्यवस्था उभारण्याबद्दल होता, २ जूनचा ४९ क्रमांकाचा न्यायव्यवस्थेच्या सुधारणेबद्दल. दोन ठराव, दोन कार्यक्रम. पहिल्याच्या बाजूला संहिता बदलत गेल्या, २०१५ साली पुन्हा नवी दिवाणी संहिता आली. दुसऱ्या बाजूचं काम दिसायला फार साधं होतं: न्यायाधीशांसाठी निकालपत्र लिहिण्याची पुस्तिका, पूर्वीच्या निकालांना दाखला म्हणून स्थान. पहिले सहा दाखले सर्वोच्च लोक न्यायालयाने २०१६ साली प्रसिद्ध केले. मुंबईतला कुठलाही वकील रोज सकाळी निवाडे चाळूनच कोर्टात जातो. त्याला हे वाचून आश्चर्य वाटेल की एका देशात ही गोष्ट कालपरवा सुरू झाली. तिथला पक्ष आणि कोर्ट यांचं नातं मात्र या पुस्तिकांनी बदललं नाही, हेही सांगायला हवं.

कंबोडियाची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीच्या काळात (१९७५ ते १९७९) शिकलेल्या माणसांचा असा संहार झाला, की कायदा जाणणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. तिथे नुसता कायदा बनवणं पुरेसं नव्हतं, तो वाचणारा माणूसही नव्याने घडवायचा होता. १९९९ साली जपानने दिवाणी संहिता आणि दिवाणी प्रक्रिया संहिता या दोन्हींचं काम हाती घेतलं. फौजदारी बाजू फ्रान्सने सांभाळली. जपानी प्राध्यापक मसुदा जपानीत लिहीत, त्याचं ख्मेर या तिथल्या भाषेत भाषांतर होई, मग कंबोडियन गट आणि जपानी गट एकेका शब्दावर बसत. ख्मेरमध्ये कित्येक संकल्पनांना शब्दच नव्हते. एक शब्द ठरवायचा, तो सामान्य माणसाला कळतो का पाहायचं, दुसऱ्या कलमात तोच शब्द वेगळ्या अर्थाने येत नाही ना हे तपासायचं.

आपल्याला हे नवं नाही. भाषा संचालनालयाचा ‘न्याय व्यवहार कोश’ ज्याने उघडला असेल त्याला या कामाचे कष्ट ठाऊक असतील. १९९८ साली राज्यातल्या जिल्हा आणि तालुका कोर्टांची भाषा मराठी ठरली, तरी दाव्याचा मसुदा इंग्रजीत सुचतो आणि मग मराठीत उतरतो, असं आजही बऱ्याच ठिकाणी चालतं. शब्द राजपत्रात येणं आणि तो वकिलाच्या तोंडी बसणं यात एक पिढी जाते.

कंबोडियाची दिवाणी प्रक्रिया संहिता २००६ साली मंजूर झाली आणि पुढच्या वर्षी लागू झाली. दिवाणी संहिता मंजूर झाली २००७ साली आणि प्रत्यक्ष लागू झाली डिसेंबर २०११ मध्ये. चार वर्षं पक्का कायदा छापलेला होता, पण चालत नव्हता, कारण त्याला लागणारे पूरक कायदे आणि तयारी बाकी होती. जपानने दरम्यान न्यायाधीश आणि सरकारी वकील घडवणाऱ्या संस्थेलाही हात दिला, म्हणजे मदत रोजनाम्याच्या बाजूला सरकली. तिथपर्यंत ठीक. पण कोर्टांची रचना, न्यायाधीशांचा दर्जा, त्यांच्या नेमणुका आणि शिस्त यांचे कायदे १९९३ च्या राज्यघटनेला अपेक्षित असूनही थेट २०१४ साली आले, आणि त्यांनी कोर्टांवरची सरकारची पकड घट्टच केली अशी टीका झाली. माझं मत असं, की बाहेरच्या मित्राचं बोट इथेच सुटतं. करार, वारसा, गहाण यांची उत्तम संहिता तो लिहायला मदत करू शकतो आणि सरकारही ती आनंदाने घेतं. न्यायाधीशाला सत्तेपासून मोकळं ठेवायचा प्रश्न आला की तोच पाहुणा बैठकीबाहेर थांबतो. म्हणून अशा मदतीला यश आलं की अपयश, हे नुसत्या मंजूर कायद्यांच्या संख्येवरून ठरवणं मला अन्यायाचं वाटतं, तिथल्या पक्षकारांवर अन्यायाचं.

याचा एक दाखला थेट मुंबईचा आहे. जागतिक बँकेची व्यवसाय-सुलभतेची क्रमवारी निघायची, तेव्हा भारताचं मोजमाप दिल्ली आणि मुंबई या दोनच शहरांवरून व्हायचं. २०१५ च्या अहवालात १४२ वा असलेला भारत २०२० च्या अहवालात ६३ वा झाला. दिवाळखोरी संहितेसारखे नवे कायदे त्यामागे होते. त्याच २०२० च्या अहवालात करार कोर्टातून अमलात आणायला लागणारे दिवस होते १,४४५, आणि त्या एका निकषावर आपण १६३ वे होतो. आकड्यांतल्या गैरप्रकारांमुळे बँकेने २०२१ साली ती क्रमवारीच बंद केली. त्यामुळे त्या गुणांवर मी फार भार टाकणार नाही. पण ६३ आणि १६३ हे एकाच अहवालातले दोन आकडे शेजारी ठेवले, की मामाला जिन्यात काय म्हणायचं होतं ते कळतं.

चेकचंच बघा. पराक्राम्य संलेख अधिनियम, म्हणजे चेक-हुंडीचा कायदा, १८८१ सालचा. चेक न वटणं हा गुन्हा ठरवणारं कलम १३८ त्यात १९८८ च्या दुरुस्तीने आलं. ही कायदा सुधारणा होती, हेतूही चांगला होता. पुढेही दुरुस्त्या होत राहिल्या. सहा महिन्यांचं उद्दिष्ट त्यातूनच आलं, आणि २०१८ साली खटला चालू असतानाच २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाईची सोयही झाली. कोर्टं, मॅजिस्ट्रेट, समन्स नेणारी माणसं मात्र त्या वेगाने वाढली नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा देशात अशी सुमारे ३५ लाख प्रकरणं तुंबलेली होती. २०२२ साली महाराष्ट्रासह पाच राज्यांत निवृत्त न्यायाधीशांची प्रायोगिक विशेष कोर्टं नेमायला न्यायालयाने सांगितलं. कलम १३८ मधला एक शब्द न बदलता केलेली ती खरी न्यायव्यवस्थेची सुधारणा.

दोन्हींच्या सीमेवर बसलेली एक गोष्ट आहे, आणि गल्लत बहुतेक तिथेच होते. दिवाणी प्रक्रिया संहिता हा कायदाच, पण तो सांगतो कोर्टाने कसं चालायचं ते. मुदती किती, मुद्दे कधी काढायचे, तहकुबी किती वेळा. ती बदलली की कोर्ट सुधारलं असं वाटतं. तहकुबीवर मर्यादा घालणारा नियम आपल्याकडेही आहे. पण समोर नव्वद प्रकरणं असतील तर तो नियम वाचायलाही वेळ नसतो. तसंच अंमलबजावणीचं. दावा जिंकून हुकूमनामा हातात आला की मुंबईतला वकील पहिल्यांदा पेढे घेत नाही, दरखास्तीचं सांगतो, कारण वसुलीसाठी पुन्हा कोर्टातच जायचं असतं. व्हिएतनामने दिवाणी निकालांच्या अंमलबजावणीचा स्वतंत्र कायदा २००८ साली केला आणि ते काम न्याय मंत्रालयाच्या यंत्रणेकडे ठेवलं.

मामाचं प्रकरण पाचव्या वर्षी मिटलं. तोवर तीन मॅजिस्ट्रेट बदलले होते. गिऱ्हाईक तडजोडीला तयार झाला, रक्कम मूळ चेकपेक्षा कमी, दोन हप्त्यांत. दोन्ही हप्ते मामाने डिमांड ड्राफ्टने घेतले. शेवटच्या तारखेचा रोजनामा त्याने मोबाइलवर ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये उघडून मला दाखवला, आणि नंतर त्याची प्रत काढून छापखान्याच्या फायलीत लावली.