सेमेरखेत आणि सेखेमखेत: एका शिलाचित्राचे दोन दावेदार

सिनाई द्वीपकल्पाच्या नैर्ऋत्य भागात वादी मघारा नावाची खडकाळ दरी आहे. पिरोजासाठी प्राचीन इजिप्तचे राजे तेथे मोहिमा पाठवीत आणि आपल्या येण्याची खूण म्हणून कड्यावर उठावचित्रे कोरून ठेवीत. त्यांपैकी एका चित्रात एकच राजा तीनदा दिसतो. दोन वेळा तो मुकुट घालून चालत आहे, तर तिसऱ्या वेळी गुडघे टेकलेल्या शत्रूचे केस धरून त्याच्यावर गदा उगारत आहे. शेजारी राजवाड्याच्या दर्शनी भागासारखी चौकट, तीवर ससाणा आणि चौकटीत राजाचे नाव, अशी त्या काळची राजनामाची रीत येथेही पाळलेली आहे. इंग्रज पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी 1904-05 मध्ये सिनाईत काम केले, तेव्हा त्यांनी हे नाव सेमेरखेत असे वाचले आणि चित्र पहिल्या घराण्याच्या खात्यावर जमा झाले. ते नाव प्रत्यक्षात सेखेमखेत होते. हा राजा तिसऱ्या घराण्यातला, म्हणजे सेमेरखेतनंतर साधारण अडीच ते तीन शतकांनी होऊन गेलेला.

नावांचा गोंधळ लिपीपासूनच सुरू होतो. चित्रलिपीत स्वर लिहिले जात नाहीत, त्यामुळे या नावांमधले सगळे एकार उच्चाराच्या सोयीसाठी आपण घातलेले आहेत. ते काढले की एकीकडे ‘स-म-र’ आणि दुसरीकडे ‘स-ख-म’ उरते, तर पुढचा ‘खेत’ हा देहवाचक अंश दोन्हींत समान आहे. सेमेरखेतचा अर्थ ‘देवसमूहाचा सखा’ असा लावतात आणि सेखेमखेतचा ‘देहाने समर्थ’ असा. ‘सेखेम’ हे अधिकाराच्या राजदंडाचे उभे चिन्ह आहे. शतकानुशतके वारा आणि वाळू खाल्लेल्या कड्यावर अशा उभ्या चिन्हाचा तपशील पुसट होणे स्वाभाविक होते. तरीही चुकीचे मुख्य कारण डोळ्यांत नव्हते, असे मला वाटते. सेखेमखेत नावाचा राजा होऊन गेला हेच त्या वेळी कोणाला ठाऊक नव्हते. सेमेरखेतची कबर मात्र स्वतः पेट्री यांनीच काही वर्षांपूर्वी तपासलेली होती. ओळखीचे नाव समोर असताना अनोळखी नाव वाचले जाणे फार अवघड असते.

सेमेरखेतविषयीचा पुरावा मुख्यतः अबायडॉस येथील उम्म अल-काब या राजकबरस्तानातला आहे. तेथे त्याच्या दफनगृहाच्या भिंतींना लागूनच सेवकांच्या कबरी बांधलेल्या आहेत. कबरीच्या उताराच्या वाटेवरची वाळू सुगंधी लेपाने कित्येक फूट खोल भिजलेली होती आणि सुमारे पाच हजार वर्षांनंतरही तिचा वास दरवळत होता, अशी नोंद पेट्री यांनी केली आहे. राजाच्या नावाचा काळ्या दगडाचा शिलास्तंभही तेथेच सापडला. याखेरीज त्याचे नाव असलेल्या हस्तिदंती चिठ्ठ्या आहेत, शिवाय काही दगडी भांडी आहेत ज्यांवर आधीचा राजा अनेजिब याचे नाव खरवडून सेमेरखेतचे कोरलेले आहे. या खाडाखोडीवरून त्याला राज्य बळकावणारा ठरवले गेले. मला हा निष्कर्ष कच्चा वाटतो, कारण त्याच्यानंतरच्या ‘का’ नावाच्या राजाच्या कबरीत मिळालेल्या मातीच्या मुद्रेवर पहिल्या घराण्याच्या आठ राजांची नावे आहेत आणि त्यांत अनेजिब व सेमेरखेत हे दोघेही सन्मानाने उपस्थित आहेत.

सेमेरखेतच्या बाबतीत एक दुर्मीळ गोष्ट घडली आहे. इजिप्तच्या आरंभीच्या राजांच्या वर्षवार नोंदी कोरलेल्या पालेर्मो शिलेच्या जातीचा एक तुकडा कैरोत आहे आणि त्यावर त्याची कारकीर्द सुरुवातीपासून शेवटापर्यंत टिकली आहे. ती सुमारे साडेआठ वर्षांची भरते. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातला इतिहासकार मानेथो मात्र त्याला 18 वर्षे देतो आणि त्याच्या काळात इजिप्तवर मोठे अरिष्ट कोसळले असे सांगतो. त्या शिलेवर अरिष्टाची नोंद नाही. दिसतात ते राजाचे नेहमीचे धार्मिक सोहळे.

सेखेमखेतचा पुरावा याच्या अगदी उलट स्वरूपाचा आहे. वर्षवार नोंद नाही, पण बांधकाम प्रचंड आहे. सक्कारा येथे तिसऱ्या घराण्यातील राजा जोसर याच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडच्या नैर्ऋत्येला इजिप्ती पुरातत्त्वज्ञ झकारिया गोनैम यांनी 1950 च्या दशकाच्या आरंभी वाळूखाली गाडले गेलेले एक आवार उघडले. आत पायऱ्यांच्याच पिरॅमिडचा तळ होता, सुमारे 120 मीटर बाजूचा, जो काही मीटरपेक्षा उंच गेलाच नव्हता. भुयारात मडक्यांच्या तोंडावरच्या मातीच्या मुद्रा मिळाल्या आणि त्यांवर इतिहासाला तोपर्यंत अपरिचित असलेले नाव वाचले गेले, सेखेमखेत. सोन्याच्या बांगड्या आणि शिंपल्याच्या आकाराची सोन्याची डबी हाती लागली. आवाराच्या भिंतीवर शाईने लिहिलेले इम्होतेपचे नावही दिसले, म्हणजे जोसरचा तो विख्यात अधिकारी या राजाच्या काळातही कार्यरत असावा. दफनगृहात एकाच दगडातून कोरलेली अलाबास्टरची शवपेटी होती, जिला झाकणाऐवजी एका टोकाला वर सरकणारी फळी होती आणि ती फळी गिलाव्याने पक्की बंद होती. जून 1954 मध्ये ती उघडण्यात आली. पेटी रिकामी होती.

ही रिकामी पेटी अजूनही विद्वानांना छळते. 1960 च्या दशकात फ्रेंच संशोधक झां-फिलिप लॉएर यांनी त्याच आवारातील दक्षिण कबर खणली, तेव्हा तेथे सुमारे दोन वर्षांच्या बालकाचे अवशेष निघाले. तूरिन येथील पपायरसवरच्या प्राचीन राजयादीत या राजाला जोसरती या नावाने सहा वर्षांचे राज्य दिले आहे, म्हणून ते बालक राजा असणे शक्य नाही. अर्धवट पिरॅमिड आणि अल्प कारकीर्द या दोन गोष्टी मात्र एकमेकींशी नीट जुळतात.

मुद्रांवरचे नाव कळल्यावर वादी मघाराच्या चित्राकडे पुन्हा पाहिले गेले आणि ते योग्य राजाकडे गेले. त्याच दरीत जोसर आणि सानाख्त या तिसऱ्या घराण्यातील राजांची चित्रे आहेत, त्यामुळे ते तेथे सहज बसते. सेमेरखेतचा एकमेव मानला गेलेला विजय त्याच्या हातून गेला आणि त्याच्या वाट्याला मानेथोचे ते अरिष्ट तेवढे राहिले. हा बदल काळाच्या अंदाजावर केलेला नाही हे आवर्जून सांगायला हवे. पहिल्या घराण्याचे राजे सिनाईपर्यंत पोचतच नव्हते असे म्हणता येत नाही, कारण त्याच घराण्यातील देन या राजाची शिलाचित्रे पुढे सिनाईतल्याच वादी अल-हुमूर येथे आढळली. निर्णय झाला तो चौकटीतल्या अक्षरांवरून, आणि 1970 च्या दशकात वादी मघारातच सेखेमखेतचे दुसरे शिलाचित्र प्रसिद्ध झाल्यावर त्या वाचनाला बळकटी मिळाली.