कीटकनाशकांचे विषशास्त्र व नियमन : सांगलीच्या द्राक्षपट्ट्यातील संज्ञा

फवारणीच्या औषधाबद्दल दोन निरनिराळे प्रश्न असतात : फवारणाऱ्याच्या अंगाला ते किती बाधेल आणि खाणाऱ्याच्या पोटात किती जाईल. पहिल्याचे उत्तर डब्यावरच्या रंगीत त्रिकोणात असते, दुसऱ्याचे ‘एमआरएल’च्या, म्हणजे मालात चालणाऱ्या औषधाच्या कमाल अंशाच्या आकड्यात. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, पलूस, खानापूर, जत या तालुक्यांत एमआरएल आणि ‘पीएचआय’ (फवारणी ते काढणी यांतले अंतर) हे शब्द बागेच्या बांधापर्यंत पोहोचले आहेत, कारण निर्यातदार त्यांची चौकशी करतो. त्रिकोणाची चौकशी कोणी करत नाही.

हा त्रिकोण कीटकनाशक कायदा, १९६८ व त्याखालील १९७१ च्या नियमांतून आला. त्याचा मुख्य आधार एलडी ५० हा. प्रयोगातील निम्मे प्राणी ज्या मात्रेने मरतात ती मात्रा, शरीराच्या दर किलो वजनामागे मिलिग्रॅममध्ये. तोंडावाटे १ ते ५० असेल तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा, त्यापुढे हिरवा. आकडा लहान तितके विष जहाल. मोनोक्रोटोफॉस लालात बसते. बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकातले मोरचूद सेंद्रिय शेतीतही चालते म्हणून अनेकांना निरुपद्रवी वाटते, पण त्याचा एलडी ५० काही शे मिलिग्रॅमच आहे. उलट द्राक्षाच्या डाऊनी (केवडा) रोगावर वर्षानुवर्षे मारल्या गेलेल्या मॅन्कोझेब या बुरशीनाशकाचा ५००० च्या वर आहे. तरीही युरोपीय संघाने २०२० मध्ये त्याच्या मंजुरीचे नूतनीकरण नाकारले. त्याच्या विघटनातून होणारा इथिलीन थायोयुरिया थायरॉईड ग्रंथीला अपायकारक आहे, आणि असा दीर्घकालीन परिणाम एलडी ५० मध्ये दिसत नाही. हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धास्त, हा समज इथेच फसतो.

दीर्घकालीन बाजू एडीआय, म्हणजे रोजच्या सेवनाची स्वीकार्य मर्यादा सांभाळते. प्राण्यांवरील अभ्यासात ज्या मात्रेपर्यंत कोणताही अपाय दिसत नाही, तिला साधारणपणे १०० ने भागून माणसाने आयुष्यभर रोज खाल्ले तरी चालेल असे प्रमाण काढतात. प्राण्यापासून माणसापर्यंतच्या फरकासाठी दहापट आणि माणसामाणसांतल्या फरकासाठी आणखी दहापट सुरक्षेचा वाव धरलेला असतो. एकाच दिवशी जास्त खाल्ले गेले तर काय, यासाठी एआरएफडी हे वेगळे माप आहे.

एमआरएल ही विषाची सीमारेषा नव्हे. शिफारशीप्रमाणे औषध वापरले तर मालात जास्तीत जास्त किती अंश उरेल, हे शेतातील चाचण्यांवरून ठरवतात आणि तो आकडा एडीआयच्या आत बसतो का ते तपासतात. भारतात ही मर्यादा ‘एफएसएसएआय’ हे अन्नसुरक्षा प्राधिकरण ठरवते, तर औषधाची नोंदणी फरिदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक मंडळाची नोंदणी समिती करते. नोंदणी पीक आणि कीड-रोगानुसार होते. यालाच ‘लेबल क्लेम’ म्हणतात. युरोपात जिथे स्वतंत्र मर्यादा नाही तिथे किलोला ०.०१ मिलिग्रॅम धरतात. म्हणजे दहा टनी दहा ट्रक द्राक्षांत एक ग्रॅम.

मर्यादा ओलांडली म्हणजे खाणारा आजारी पडेलच असे नाही, पण कंटेनर मात्र अडकतो. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराईडने हेच केले. हे कीटकनाशक नव्हे. शेंड्याची वाढ रोखायला खरड (एप्रिलमधील) छाटणीनंतर बागायतदार हेच रसायन ‘सीसीसी’ या नावाने मारत. ते वेलीत टिकून राहिले आणि पुढच्या हंगामाच्या घडात उतरले. तपासणीच्या यादीत ते रसायन नव्हतेच, त्यामुळे इथल्या प्रयोगशाळेत पास झालेला माल युरोपात नापास झाला. बागायतदाराने लपवले असा सूर तेव्हा निघाला. दोष यादीचा होता. पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची शिफारस-यादी, म्हणजे ‘ॲनेक्शर पाच’, आज निर्यातीच्या बागेत फवारणीच्या वहीइतकीच हाताशी असते.

पीएचआय म्हणजे शेवटची फवारणी ते काढणी यांतले किमान दिवस. तो काढणीच्या तारखेपासून मागे मोजायचा. व्यापारी दरासाठी आठवडाभर अडून बसला तर हे अंतर वाढते, अंशाच्या बाबतीत फायदाच होतो. पण मण्यात पाणी भरताना माल अवकाळीत सापडला, की रोगासाठी काढणीच्या तोंडावर फवारावे लागते आणि गणित कोसळते.

बेदाण्याचे गणित आणखी निराळे. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, म्हणून न उडणारे, न विघटणारे औषध चौपटीपर्यंत दाट होऊ शकते. पोटॅशियम कार्बोनेट व डिपिंग ऑईलच्या द्रावणात घड बुडवताना काही अंश धुतला जातो, शेडवर वाळताना काही नाहीसा होतो. नेमके किती, हे प्रत्येक औषधासाठी मोजून ‘प्रक्रिया गुणांक’ काढावा लागतो. ताज्या द्राक्षाचा अहवाल दाखवून बेदाणा विकणे म्हणूनच अपुरे आहे.

उरला ब्लोअरवरचा, म्हणजे फवारणी यंत्रावरचा माणूस. सर्वांत जास्त औषध त्याच्या अंगावर येते ते मूळ औषध बॅरलमध्ये ओतताना, कातडीवाटे. बहुधा तोंडाला रुमाल असतो आणि हात उघडे. ऑरगॅनोफॉस्फेट व कार्बामेट गटातील औषधे कोलिनएस्टरेज हे विकर (एन्झाइम) अडवतात : डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, लाळ व घाम सुटतो, श्वास घुसमटतो. दोन्हींत उतारा म्हणून ॲट्रोपिन देतात. प्रॅलिडॉक्सिम मात्र मुख्यतः ऑरगॅनोफॉस्फेटसाठी. गट कोणता हे डॉक्टरला कळावे म्हणून दवाखान्यात जाताना डबा आणि आतले माहितीपत्रक सोबत नेतात.