घर कुठल्या गल्लीत, जेवण कुठल्या गल्लीत?
नागपुरात भाड्याचं घर पाहणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

आमच्याकडे येणारी तरुण मंडळी हल्ली भाड्याच्या आधी विचारतात, "आजूबाजूला खायला-प्यायला काय आहे?" प्रश्न रास्त आहे. मिहानमध्ये, म्हणजे खापरीकडच्या कंपन्यांच्या वसाहतीत, नोकरी लागून अमरावतीहून नाहीतर पुण्याहून एकटं आलेलं माणूस रात्री नऊला घरी येऊन कुकर लावेल, अशी अपेक्षा आम्हीही करत नाही. पण केवळ खाण्यापायी घेतलेलं घर तीन महिन्यांत सोडणारेही आम्ही पाहिलेत. तेव्हा डिपॉझिट देण्याआधी हे वाचा.

नागपूरची खरी खादाडी सकाळी असते. ठेल्यावर पोहे, त्यावर हरभऱ्याची लाल तर्री, बारीक कांदा आणि सांबार. बाहेरून येणाऱ्यांसाठी सांगतो, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. ती भरलेली सांबारवडीही इथलीच. बऱ्याच ठेल्यांवर दुपार व्हायच्या आत पातेलं रिकामं होतं. म्हणून घर पाहताना चांगला पोहेवाला चालत किती लांब आहे ते आधी बघा. बारमध्ये तुम्ही महिन्यातून दोनदा जाल, पोहेवाल्याकडे रोज.

संध्याकाळी बाहेर पडायची हौस असेल तर पहिलं नाव धरमपेठेचं. लक्ष्मीभुवन चौक, वेस्ट हायकोर्ट रोड, गोकुळपेठेचा बाजार, पुढे शंकरनगर: कॅफे, आइसक्रीम, चाट, हॉटेलं, सगळं पायी फिरण्याच्या टप्प्यात. उन्हाळ्यात दिवसा शुकशुकाट असतो आणि जेवणं उरकल्यावर सगळं कुटुंब थंड काहीतरी खायला निघतं. फुटाळा तलावावर तर तेव्हा गाडी लावायला जागा सापडत नाही. आमचं मत विचाराल तर धरमपेठेत मुख्य रस्त्यावरचा ब्लॉक घेऊ नका. दोन गल्ल्या आत, जुन्या बंगल्याचा वरचा मजला मिळाला तर सोडू नका. घरमालक बहुधा खाली राहतात आणि रात्री फाटक कधी बंद होतं हे ते पहिल्या भेटीत सांगत नाहीत. ते आम्ही विचारून ठेवतो.

रामदासपेठ, धंतोलीत दवाखाने फार. त्यामुळे औषधाचं दुकान उशिरापर्यंत उघडं आणि ॲम्ब्युलन्सचा भोंगाही उशिरापर्यंत. सदर जुनं, इंग्रजांच्या वेळचं. रेसिडेन्सी रोडच्या आसपास परमिट रूम आणि सामिष खाणं भरपूर. तिथून मोमिनपुरा जवळ, आणि रमजानच्या महिन्यात तिथल्या रात्री एकदा तरी अनुभवाव्यात अशा.

सावजीसाठी मात्र इतवारी, महाल, गोळीबार चौक हा भाग. विणकर कोष्टी समाजाच्या घरातून आलेलं हे जेवण: भाजलेला काळा मसाला, जवसाचं तेल आणि कपाळाला घाम. इथे राहायला मजा आहे, पण गल्ल्या अरुंद आहेत. चारचाकी असेल तर घर पाहण्याआधी रोज रात्री गाडी कुठे लावणार ते ठरवा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, त्या दिवशी तर गाडी काढूच नका.

मनीषनगर, बेसा हे नवे भाग. हॉटेलं पटापट उघडतात आणि तितक्याच पटापट बंद होतात. खालच्या कॅफेवर भाळून तिथे घर घेऊ नका, दिवाळीपर्यंत त्या जागी मोबाइलचं दुकान आलेलं असेल. मिहानला रोज जायचं असेल तर मात्र सोय इथलीच. धरमपेठेतून मेट्रोने मिहानसाठी खापरीला जायचं तर सीताबर्डीला गाडी बदलावी लागते, आणि मेट्रो मध्यरात्रीपर्यंत धावत नाही.

आता कूलर. हे कोणी सांगत नाही. एसी बंद खोलीत चालतो, कूलर बाहेरची हवा आत ओढतो. खाली हॉटेल असेल तर त्याची फोडणी, तंदूरचा धूर आणि रात्री भांडी घासण्याचा आवाज, सगळं कूलरवाटे तुमच्या उशाशी येतं. एप्रिल-मे म्हणजे दोन महिने तरी. हॉटेलवरच्या मजल्याचं घर आवडलंच असेल तर चिमणी कुठे सोडली आहे आणि कूलरची खिडकी कुठल्या बाजूला आहे, हे गच्चीवर जाऊन स्वतः बघा. हिवाळ्यात घर पाहिलेल्यांची हमखास फसगत इथेच होते.

आवाजाचा नियम माहीत असू द्या: रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकरला मनाई आहे. रात्रीची मर्यादा राहत्या वस्तीत 45 डेसिबल, व्यापारी भागात 55. त्रास झाला तर 112 वर फोन करा. लग्नाचं लॉन जवळ असेल तर तिथलं गणित वेगळं. वाजंत्री दहाला थांबली तरी गाड्यांचे हॉर्न थांबत नाहीत. विद्यार्थ्यांसाठी आणखी एक: महाराष्ट्रात बिअरसाठी वय 21 आणि कडक दारूसाठी 25 पूर्ण लागतं. बारजवळ खोली घेतल्याने यात सूट मिळत नाही.

म्हणून आम्ही प्रत्येक घर दोनदा दाखवतो: एकदा दिवसा, एकदा शनिवारी रात्री साडेदहानंतर. दुसऱ्या फेरीचे वेगळे पैसे नाहीत. करार 11 महिन्यांचा, लेखी आणि नोंदणीकृतच करतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 प्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, तेव्हा "साध्या कागदावर करून टाकू" असं कोणी म्हटलं तर मान डोलावू नका.

येताना आधार, पॅन, दोन फोटो आणि नोकरीचं किंवा कॉलेजचं पत्र आणा. घरी मटण शिजणार असेल, मित्र मुक्कामाला येणार असतील किंवा कुत्रा पाळला असेल, तर आम्हाला आधीच सांगा. घरमालकाशी ते बोलणं आम्ही करू.