‘काही निघालं नाही’: स्तनातल्या गाठीच्या सुईतपासणीची पार्श्वभूमी

स्तनातल्या गाठीच्या अहवालावर ‘नमुना निदानासाठी अपुरा’ असं छापून आलं की लॅबच्या काउंटरवर एक ठरलेला प्रश्न येतो: “म्हणजे काही निघालं नाही ना?” मराठीत या वाक्याचे दोन अर्थ होतात. सुईतून काही निघालं नाही हा एक, आणि तपासणीत वाईट काही निघालं नाही हा दुसरा. लॅबला पहिला सांगायचा असतो, घरचे दुसरा ऐकतात आणि निश्चिंत होऊन रिक्षा पकडतात. पुढची भेट गाठ वाढल्यावरच होते. ‘अपुरा’ या एका शब्दामागे बराच इतिहास आहे, आणि त्यातला मोठा भाग सुई बाहेर आल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांचा आहे.

गाठीतून सुईने पेशी ओढून काचेवर पसरायच्या, ही पद्धत न्यूयॉर्कमधल्या एका कर्करोग रुग्णालयातून १९३० साली रीतसर प्रसिद्ध झाली. तिथली सुई १८ गेजची, म्हणजे चांगली जाड होती (गेजचा आकडा वाढतो तशी सुई बारीक होते). अमेरिकेत ही पद्धत तेव्हा फारशी रुजली नाही. सर्जनना तुकडाच हवा होता, शिवाय सुईच्या वाटेने रोग पसरेल अशी धास्ती होती. ती धास्ती कळव्याच्या ओपीडीच्या रांगेत आजही ऐकू येते.

पद्धत खरी वाढली स्वीडनमध्ये, १९५० आणि ६० च्या दशकांत. तिथे २२ गेज किंवा त्याहून बारीक सुई आली आणि एका हाताने पिस्टन ओढता येईल अशी सिरिंजची मूठ आली. हे काम करणारे रक्ताच्या स्लाइड पाहण्यात मुरलेले होते, त्यामुळे गाठीच्या पेशीही त्यांनी रक्तासारख्याच हाताळल्या: काचेवर पसरायच्या, हवेत वाळवायच्या, गिम्साच्या जातीच्या रंगात बुडवायच्या. अमेरिका-ब्रिटनमधली मंडळी मात्र गर्भाशयमुखाच्या पॅप तपासणीतून आलेली. त्यांची स्लाइड ओली असतानाच अल्कोहोलमध्ये जायची. आधी अल्कोहोलमध्ये ईथर मिसळत. ईथर भडकतं म्हणून पुढे नुसतं ९५ टक्के इथेनॉल राहिलं. आपल्याकडे दोन्ही घराणी एकत्र नांदली. म्हणून आजही लॅबवाले सांगतात, “दोन ड्राय, दोन वेट पाठवा.”

या दोन शब्दांच्या मधे जे घडतं, तिथे नमुना वाया जातो. वाळलेल्या स्लाइडवर पेशी पसरट आणि मोठ्या दिसतात, ओल्या स्लाइडवर केंद्रकाची रेघ न् रेघ दिसते. दोन्ही उपयोगाच्या. पण अर्धवट सुकलेली स्लाइड अल्कोहोलमध्ये टाकली की केंद्रकं फुगून धुरकट होतात, आणि मग ती ना ड्राय ना वेट. सुकायला फार वेळ लागत नाही. थेंब पातळ पसरला असेल आणि डोक्यावर पंखा असेल तर पाच-दहा सेकंदांत कडा वाळते.

करायचं काय ते सांगायला सोपं आहे. तेवीस नंबरची निळी सुई गाठीत जाते, पिस्टन ओढून चार-सहा वेळा मागेपुढे होते. बाहेर काढण्याआधी पिस्टन सोडायचा, नाहीतर सगळा माल सिरिंजच्या नळीत चढतो आणि काचेवर काहीच येत नाही. मग सुई काढायची, सिरिंजमध्ये हवा भरायची, सुई पुन्हा लावायची, तिचं तिरकं तोंड काचेला टेकवून एक छोटा थेंब सोडायचा. दुसरी काच वर ठेवून तिच्याच वजनाने थेंब पसरू द्यायचा आणि न दाबता सरळ ओढायची. दाबलं की पेशी फुटून धागे होतात. अल्कोहोलची उघडी बरणी हाताशी हवी. नाव आधीच पेन्सिलने घातलेलं हवं, कारण पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि बरणीत तीन बायकांच्या बिननावाच्या स्लाइड उरतात.

ठाणे-नवी मुंबईत याला आणखी एक फाटा आहे, पावसाळ्याचा. जुलैत ड्राय स्लाइड लवकर वाळतच नाही, आणि सावकाश वाळलेल्या पेशीही बिघडतात. त्यामुळे जाणते लोक पंख्याखाली हाताने हलवतात किंवा केस वाळवायचं यंत्र लांबून धरतात. थोडक्यात, वेट स्लाइडसाठी पंखा बंद आणि ड्रायसाठी चालू. एकाच खोलीत, एकाच मिनिटात. आणि इथेनॉलला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो म्हणून छोट्या नर्सिंग होममध्ये बरणीत काय ओतलेलं असेल याचा भरवसा नसे. कुणी मिथेनॉल वापरी, कुणी जखम पुसायचं स्पिरिट.

१९८० च्या दशकात फ्रान्समधून अजून एक सुधारणा आली: पिस्टन ओढायचाच नाही, नुसती सुई घालून हलवायची, पेशी आपोआप सुईच्या पोकळीत चढतात. रक्त कमी येतं. इथल्या बऱ्याच हातांनी ती उचलली.

आता ‘अपुरा’ म्हणजे किती अपुरा, या वादाकडे. काही ठिकाणी पेशींच्या पुंजक्यांचा किमान आकडा ठरला होता: एवढे मोजता आले तर नमुना पुरेसा. १९९६ साली अमेरिकेत बेथेस्डा इथे तज्ज्ञ बसले, त्यांनी अहवालाच्या निकालाचे पाच गट आखले, पण असा सक्तीचा आकडा घातला नाही. माझ्या मते ते योग्यच होतं. चरबीच्या गाठीत किंवा जुनाट, कडक झालेल्या फायब्रोअॅडिनोमात (कर्करोग नसलेल्या साध्या गाठीत) पेशी मुळातच कमी येतात. पण लोब्युलर (दूध तयार करणाऱ्या ग्रंथींच्या) जातीच्या कर्करोगातही कमीच येतात, आणि इथेच गफलत होते. ब्रिटनने सी-१ ते सी-५ असे क्रमांक दिले. सी-१ म्हणजे अपुरा, सी-२ म्हणजे साधी गाठ, सी-५ म्हणजे कर्करोग. आकड्यांच्या ओळीत सी-१ सर्वांत खाली बसतो, त्यामुळे तो सर्वांत निर्धोक वाटतो. वास्तविक तो त्या शिडीवर नसायलाच हवा होता. २०१६ मध्ये योकोहामाच्या परिषदेत सुरू झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पद्धतीतही ‘अपुरा’ हा पाचांतला पहिला गट राहिला. फरक इतकाच की प्रत्येक गटापुढे काय करायचं ते लिहिलं गेलं: गाठ हाताला किंवा सोनोग्राफीत संशयास्पद असेल तर नमुना पुन्हा घ्या, किंवा जाड सुई वापरा. अपुऱ्या ठरलेल्या नमुन्यांमागच्या काही गाठी पुढे कर्करोगाच्या निघतात, हे तोवर पुरेसं स्पष्ट झालं होतं.

जाड सुई म्हणजे ट्रूकट, १४ गेजची, धाग्यासारखा तुकडा काढणारी. १९९० नंतर परदेशात तिने बारीक सुईला मागे सारलं, आणि नंतर इथेही. कारणं खरी आहेत. रोग दुधाच्या नळीतच आहे की भिंत फोडून बाहेर आलाय, हे सुट्या पेशींवरून कळत नाही, आणि इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, हर-टू या, कोणतं औषध लागू पडेल ते ठरवणाऱ्या तपासण्यांना तुकडा बरा पडतो. तरीही बारीक सुई मोडीत काढायची घाई झाली असं वाटतं. तिला भूल नको, खर्च किरकोळ, आणि हात बसलेला असेल तर उत्तर त्याच दिवशी.

घोटाळा असा की लोकांच्या तोंडी दोन्हींचं नाव एकच, ‘सुईची तपासणी’. बारीक सुईच्या स्लाइडला अल्कोहोल लागतं, ट्रूकटच्या तुकड्याला फॉर्मलिन (तुकडा टिकवणारं रसायन). पूर्वी ठाण्याहून, वाशीहून नातेवाईकच नमुना घेऊन परळच्या मोठ्या रुग्णालयांकडे लोकलने निघत, आणि स्लाइडचं पाकीट अन् फॉर्मलिनची बाटली एकाच पिशवीत जाई. फॉर्मलिनची वाफ ड्राय स्लाइडवर बसली की रंग नीट चढत नाही. या शतकात खारघरला कर्करोगाचं मोठं केंद्र झालं, २००४ मध्ये ठाणे-वाशी लोकल धावू लागली, पुढे लॅबची मुलं दुचाकीवर नमुने नेऊ लागली. पिशवी मात्र बऱ्याचदा एकच राहिली.

२०१० च्या सुमारास फॉर्मलिनचंही घड्याळ ठरलं. तुकडा तासाभराच्या आत फॉर्मलिनमध्ये, आणि तिथे किमान ६ तास, जास्तीत जास्त ७२. शनिवारी दुपारी काढलेला तुकडा सोमवारी दहीहंडीची सुट्टी आली की मंगळवारी तुकड्यावर पुढची प्रक्रिया करणाऱ्या मशीनला लागतो, म्हणजे ७२ च्या काठावर. म्हणून मागणीपत्रावर दोन चौकटी आल्या: नमुना काढल्याची वेळ आणि फॉर्मलिनमध्ये टाकल्याची वेळ. पहिली बहुतेक भरलेली येते. दुसरीत पुष्कळदा तीच वेळ उतरवलेली असते, किंवा नुसती तारीख.