प्राथमिकला जमलं म्हणून माध्यमिकला जमेलच असं नाही

‘गुण चांगले आहेत, मग माध्यमिकला वेगळं काय बघायचं?’ ऑटिझम असलेल्या मुलांच्या पालकांना हे सर्रास ऐकवलं जातं. हे चूक आहे. अडचण बहुधा अभ्यासाची नसतेच, दिवसच बदलतो. एका बाईंच्या जागी अनेक शिक्षक, काही शाळांत तासागणिक नवी खोली, घंटा, जिन्यातली ढकलाढकली. दिवसभर स्वतःला आवरून धरलेलं मूल घरी येऊन कोसळतं, आणि शाळा म्हणते, ‘इथे तर काहीच त्रास नाही.’

म्हणून शाळा बघायला तास बदलताना किंवा मधल्या सुट्टीत जा. जिन्यापाशी उभे राहा. विचारा: गोंगाट असह्य झाला तर मूल कुठे जाईल? बदली शिक्षकांना हे कोण सांगतं? ‘तेव्हा बघू’ हे उत्तर पुरेसं नाही.