हिरड्यांचे आजार आणि शरीराचं आरोग्य

हिरड्यांचे आजार आणि शरीराचं आरोग्य : दाताभोवतीची हिरडी, खालचं हाड आणि दाताला हाडाशी बांधणारे तंतू यांना वर्षानुवर्षं सूज राहिली तर मधुमेह, हृदयविकार, गरोदरपण, फुफ्फुसाचा संसर्ग यांच्याशी तिचा काय संबंध लागतो, त्याची ही नोंद, उदाहरणं जमेल तिथे नाशिक शहर आणि जिल्ह्यातली. दात किडणं, रूट कॅनल, कवळी हे सगळ्यांना माहीतच असतं, त्यात शिरत नाही. मुळात प्रश्न एवढाच की बिघाड कुठून सुरू होतो, तोंडातून शरीरात जातो, शरीरातून तोंडात येतो, की दोन्हीकडे बिघाड करणारं तिसरंच काही असतं.

हा संबंध आधी कुणी सांगितला यावर बराच वाद आहे. अ‍ॅसिरिया (आजच्या इराकमधलं प्राचीन साम्राज्य) इथला सम्राट एसरहद्दोन (इ.स.पू. सातवं शतक) याच्या दरबारी वैद्याच्या पत्रात डोक्याची, हातापायांची आग दातांमुळे होते असा उल्लेख येतो, पण ते पत्र कसं वाचायचं यावर अभ्यासकांचं एकमत नाही, त्यामुळे त्यावर फार भार टाकू नये. आपल्याकडे सुश्रुतसंहितेचं नाव लगेच पुढे केलं जातं. निदानस्थानाच्या सोळाव्या अध्यायात ६५ मुखरोग सांगितलेत, त्यातले १५ दातांच्या मुळाशी म्हणजे हिरडीत होणारे, आणि त्यातल्या 'उपकुश'चं वर्णन वाचलं (आग होणं, पू, दात हलणं, दाबलं की रक्त, घाण वास) तर आजच्या पायोरियाशी ते इतकं जुळतं की डेंटलवाल्यांनाही नवल वाटतं. संहितेचा काळ मात्र कुणी इ.स.पू. सहाव्या शतकापर्यंत मागे नेतं, कुणी इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत आणतं, आणि हातात असलेला ग्रंथ थराथराने वाढलेला आहे हे बहुतेक जण मान्य करतात. पंचवटीत गणेशवाडीला आयुर्वेद महाविद्यालय असल्यामुळे नाशिकमध्ये ही चर्चा नेहमीच चालते आणि 'हिरडीतून हृदयरोग होतो हे सुश्रुताने सांगून ठेवलंय' असंही ऐकायला मिळतं. तसं ग्रंथात दिसत नाही. तिथे आधी शरीरातले कफ, रक्त वगैरे बिघडतात आणि मग हिरडी बिघडते, म्हणजे दिशा उलटी आहे. त्याने ग्रंथाची किंमत कमी होत नाही, उलट मधुमेहाच्या बाबतीत हीच दिशा पुढे खरी ठरली, पण तोंडातले जंतू बाहेर जाऊन दुसरीकडे रोग करतात ही कल्पना त्यात शोधणं म्हणजे ओढाताण आहे.

ती कल्पना नीट मांडली विलोबी मिलर याने, १८९१ मध्ये, जर्मनीत काम करणारा अमेरिकन दंतवैद्य. मग १९०० मध्ये लंडनचा डॉक्टर विल्यम हंटर याने तोंडातली घाण हे कितीतरी आजारांचं मूळ आहे असं लिहिलं, पुढे त्याने सडक्या दातांवर सोन्याच्या टोप्या बसवणाऱ्यांवर तोंडसुख घेतलं, शिकागोच्या फ्रँक बिलिंग्जने 'केंद्रस्थ संसर्ग' (एका जागी दडलेल्या जंतूंमुळे शरीरात दुसरीकडे आजार होतो) हा सिद्धांत उभा केला, आणि मग काय, सांधे दुखतात काढा दात, थकवा येतो काढा दात असं सुरू झालं. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटनने तर वेड बरं करायला रुग्णांचे दात, टॉन्सिल, काहींचं मोठं आतडंसुद्धा काढलं आणि आतड्याच्या ऑपरेशननंतर बरेच रुग्ण दगावले. १९३८ मध्ये सेसिल आणि अँजेव्हाइन यांनी संधिवाताच्या २०० रुग्णांचा हिशेब मांडून दात-टॉन्सिल काढून फायदा होत नाही हे दाखवलं (सेसिल स्वतः आधी दात काढावेत याच मताचा होता). त्यानंतर विषय पन्नासेक वर्षं थंड पडला. १९८९ मध्ये फिनलंडच्या मॅटिला आणि सहकाऱ्यांनी हार्ट अटॅकचे १०० रुग्ण आणि तुलनेला १०२ लोक घेऊन अटॅकवाल्यांचे दात जास्त खराब असतात असं मांडलं आणि विषय परत उघडला, तो अजून बंद झालेला नाही.

शरीरात नेमकं काय होतं तर दातावर चिकट थर बसतो, त्याचा दगडासारखा टार्टर होतो, हिरडी दातापासून सुटून खिसा तयार होतो आणि त्या खिशाची आतली कातडी सोललेली राहते. आजार तोंडभर पसरला असेल तर या जखमेचं क्षेत्रफळ साधारण ८ ते २० चौरस सेंटिमीटर असावं असा अंदाज आहे. एवढी उघडी जखम हातावर असती तर माणूस त्याच दिवशी दवाखान्यात गेला असता, पण ही दिसत नाही आणि दुखतही नाही. तिथून जंतू थोडे थोडे रक्तात जातात, चावताना, ब्रश करतानाही, आणि सूज वाढवणारी रसायनंही रक्तात येतात, मग यकृत सीआरपी (शरीरात सूज असल्याचं दाखवणारं प्रथिन) जास्त बनवतं. कागदावर हे सगळं छान जुळतं, माणसात तेवढं सरळ नसतं.

मधुमेहात पुरावा सगळ्यात पक्का आहे. शुगर वाढलेली राहिली की हिरडीचा आजार वाढतो, याबद्दल वाद नाही. १९९३ मध्ये हॅराल्ड ल्यो या दंतसंशोधकाने त्याला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं. उलट बाजूने, हिरड्या साफ केल्या की शुगर उतरते का यावर मात्र रस्सीखेच झाली, २०१३ मध्ये अमेरिकेत ५१४ रुग्णांवरच्या चाचणीत फरक दिसला नाही, २०१८ मध्ये लंडनच्या चाचणीत वर्षभरात एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी, टक्क्यांत मोजली जाणारी तपासणी) ०.६ ने कमी निघालं, आणि २०२२ च्या कोक्रेन (वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) आढाव्यात सगळं एकत्र केल्यावर तीन-चार महिन्यांत सरासरी ०.४३ ची घट आली. हा आकडा लहान वाटतो पण गोळी वाढवण्याच्या आधी स्केलिंग (दातांवरचा टार्टर काढणं) करून बघावं इतपत नक्कीच आहे. पंचवटीतल्या दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत काय किंवा कॉलेज रोडच्या खासगी क्लिनिकमध्ये काय, दाढ काढायला आलेल्याला आधी बीपी-शुगर विचारतात ते उगाच नाही, कित्येकांना आपल्याला शुगर आहे हे तिथेच कळतं. स्केलिंगने दात हलायला लागतात ही समजूत आहे, पण ते आधीच हललेले असतात, टार्टर निघाल्यावर जाणवतं एवढंच. आणि वरची दाढ काढली की नजर जाते हेही खरं नाही.

आता हिरडी आणि शरीर दोन्हीकडे बिघाड करणारं तिसरं कारण, म्हणजे मिश्री. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून, चुरून बोटाने हिरडीला चोळायची, सकाळी एकदा आणि मग लत लागली की दिवसातून चार-पाचदा. राखुंडीची जागा तिने कधी घेतली ते सांगणं अवघड आहे. नाशिकच्या गावठाणात, द्राक्षबागांत कामाला जाणाऱ्या बायकांत, वरच्या पिढीत तर घरोघरी, मिश्री लावणं हे व्यसन समजलंच जात नाही, दात घासणं समजलं जातं. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून देशात बंदी आहे, महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या तंबाखूला कुठला कायदा लागणार. तंबाखूने हिरडी खाली सरकते, कॅन्सरचा धोका वाढतो, आणि मुंबईतल्या १२१७ गरोदर बायकांच्या अभ्यासात (२००४) धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी निघाली. बिडी-सिगारेटचंही तसंच, हिरडीही खराब आणि हृदयही. म्हणून 'हिरडी खराब म्हणून बाळ लहान' किंवा 'हिरडी खराब म्हणून अटॅक' असं म्हणण्याआधी तंबाखूचं विचारावं लागतं, आणि जुन्या अभ्यासांत ते पुरेसं वेगळं काढलेलं नाही हा आक्षेप योग्य वाटतो. २००६ मध्ये अमेरिकेत ८२३ गरोदर बायकांपैकी निम्म्यांच्या हिरड्यांवर बाळंतपणाआधीच उपचार करून पाहिले, अकाली प्रसूती कमी झाली नाही. आईला आणि बाळाला अपाय मात्र झाला नाही, त्यामुळे गरोदरपणात दाताला हात लावू नये या सल्ल्याला आधार उरत नाही.

हृदयाबाबत अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये सांगितलं की संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. अपवाद हृदयाच्या झडपांच्या संसर्गाचा, तिथे तोंडातले जंतू थेट सापडतात. झडप बदललेल्यांनी किंवा असा संसर्ग आधी होऊन गेलेल्यांनी दाढ काढण्याआधी डॉक्टरला सांगावं, अँटिबायोटिक आधी द्यावं लागतं. रक्त पातळ करणारी गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

उलट्या दिशेचं, म्हणजे शरीरातला बिघाड तोंडात येण्याचं सगळ्यात भयंकर उदाहरण २०२१ चं. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर काळी बुरशी आली, नाशिकमध्येही रुग्ण झाले. शुगर वाढलेली, वर स्टेरॉइड झालेली, आणि सुरुवात बऱ्याचदा वरच्या दाढा दुखण्याने किंवा एकदम हलायला लागण्याने, मग टाळू काळी पडायची. साधी दाढदुखी समजून ज्यांनी चार दिवस घालवले त्यांच्यातल्या काहींचा वरचा जबडा काढावा लागला, काहींचा डोळाही.

खालच्या दाढेचा पू गळ्यात उतरला तर जिभेखाली, हनुवटीखाली कडक सूज येते, गिळता येत नाही, श्वास अडतो. १८३६ मध्ये लुडविगने वर्णन केलेला हा आजार आजही जीव घेऊ शकतो, तिथे क्लिनिक शोधत न बसता सिव्हिलसारखं मोठं हॉस्पिटल गाठायचं. आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांचं : जपानमधल्या ११ नर्सिंग होममध्ये दोन वर्षं पाहिलं तेव्हा ज्यांचे दात रोज कुणीतरी घासून देत होतं त्यांच्यात न्यूमोनिया ११ टक्के, बाकीच्यांत १९ टक्के. दात नसले तरी हिरड्या आणि जीभ ओल्या कापडाने पुसायची, आणि कवळी रात्री काढून पाण्यात ठेवायची.