न वापरलेल्या कोडची कंपायलर-तपासणी

प्रोग्राममध्ये लिहिलेला, पण कुठूनच कॉल न होणारा कोड कंपायलरने (कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने) तपासावा की सोडून द्यावा, हा प्रोग्रामिंग भाषांच्या रचनेतला जुना वाद आहे. वेगवेगळ्या भाषांनी त्याची वेगवेगळी उत्तरे दिली आहेत.

हिंगणघाटच्या बाजारातल्या एखाद्या अडत्याची हिशेबपट्टी छापणारा प्रोग्राम घेऊ. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची आवक जोरात असते, नवी तूर जानेवारीत यायला लागते. तुरीचे फंक्शन लिहून ठेवलेले आहे, पण मेनूला अजून जोडलेले नाही. मधल्या काळात कोणी वजनाचा टाइप, म्हणजे माहितीचा प्रकार, बदलतो. आधी नुसती संख्या होती, आता ‘किलो’ असा स्वतंत्र टाइप. सोयाबीन आणि हरभऱ्याची फंक्शने तो दुरुस्त करतो, तुरीचे राहून जाते. रस्ट या भाषेचा कंपायलर ही चूक लगेच धरतो, कारण न वापरलेले फंक्शनही तो टाइपसकट पूर्ण तपासतो; वापर नसल्याची सूचना वेगळी देतो. झिग या भाषेत वाक्यरचना आणि अनोळखी नावे तपासली जातात, पण टाइप-तपासणी फक्त वापरात आलेल्या फंक्शनची होते. म्हणजे जानेवारीत मेनू जोडेपर्यंत सगळे आलबेल. पायथनमध्ये तर तूर घेऊन शेतकरी काउंटरसमोर उभा राहिल्यावरच चूक कळते.

आळशी, म्हणजे वापरात आलेल्या कोडपुरत्याच, तपासणीची बाजूही लंगडी नाही. एकच कोड विंडोज आणि लिनक्स दोन्हींसाठी लिहिला, तर एका यंत्रावर दुसऱ्याच्या लायब्ररी नसतात. तिथे सगळे तपासायचा हट्ट धरला तर काहीच कंपाइल होणार नाही. सी++मध्ये क्लास टेम्प्लेटची (टाइप नंतर भरायच्या साच्याची) फंक्शने वापरली तरच पूर्ण घडतात, त्यामुळे एखाद्या टाइपला तुलना जमत नसली तरी बाकीचा क्लास वापरता येतो. मात्र टाइपवर अवलंबून नसलेली नावे व्याख्येपाशीच तपासावीत, असा सी++च्या अधिकृत मानकाचा नियम आहे. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने तो 2017 पर्यंत पाळलाच नव्हता.

सीमधला ‘#इफ 0’, म्हणजे कोडचा भाग कंपाइल होण्याआधीच वगळणारा आदेश, सगळ्यांत ढिला: त्याच्या आत जवळजवळ काहीही लिहा, खपते. जुना कोड तिथे वर्षानुवर्षे कुजतो. जावात गाठता न येणारे विधान ही चूकच, पण ‘इफ (फॉल्स)’ला, म्हणजे कायम खोट्या अटीला, मुद्दाम सूट आहे, आतले टाइप मात्र तपासले जातातच. हा मार्ग अधिक शहाणपणाचा. रस्टमध्येही ‘सीएफजी’ने (कोडचा भाग अटीनुसार वगळणाऱ्या खुणेने) वगळलेल्या भागाची फक्त वाक्यरचना पाहिली जाते, तीच अट ‘सीएफजी!’ मॅक्रोने साध्या ‘इफ’मध्ये लिहिली, तर बंद फांदीही तपासली जाते.

कोणता कोड कधीच चालणार नाही, हे सर्वसाधारणपणे ठरवणारा अल्गोरिदम असू शकत नाही, हे गणितज्ञ राइस यांच्या 1953 च्या प्रमेयातून निघते. त्यामुळे ‘न वापरलेला’ म्हणजे कॉलची साखळी पोहोचत नाही तो, एवढाच अर्थ व्यवहारात घेतला जातो. लायब्ररी लिहिणाऱ्याला तेवढाही आधार नाही, कारण तिचे सार्वजनिक फंक्शन कोण वापरेल हे कंपायलरला दिसत नाही.

अर्धवट लिहिलेला कोड चालवून पाहायचा असेल, तर तपासणीच बंद करायची गरज नसते. हास्केल भाषेच्या जीएचसी कंपायलरमध्ये टाइपच्या चुका सूचनेवर आणून पुढे ढकलण्याचा पर्याय आहे. चुकीच्या ओळीपर्यंत पोहोचल्यावरच प्रोग्राम थांबतो.